बेंजोवाल्याचा चहा

"आवाज कमी केला की बेंजो रडतंय, काका," बेंजोवाला सांगत होता.

हुलसूरच्या आमच्या लहानशा विहारात त्याचा अँप्लिफायर असा गरजत होता की गाणाऱ्या बायकांचे शब्दच ऐकू येईनात. विहाराची व्यवस्था बघणारे काका म्हणाले, "मग रडू द्या, न्हाईतर बंद करा." लेकराला थोपटावं तसा त्याने बेंजोच्या तारांवर तळहात ठेवला.

तेव्हा दादाने मी बनवलेला डबा पुढे केला. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये तो जोडायचा. आतले जाड रेझिस्टर बरीचशी ताकद उष्णतेत जिरवतात, म्हणून अँप्लिफायर पूर्ण जोरात चालला तरी स्पीकर हळूच वाजतो. हिशेब माझा, सोल्डरिंगही माझं. ज्यावर त्याचं पोट चालतं तो अँप्लिफायर जळला तर, या भीतीने मी दाराआड उभी होते.

दादाने डबा जोडला. बेंजोवाल्याने सवयीने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, डोळे मिटले आणि वाजवायला घेतलं. सूर तोच होता, तसाच करकरीत, पण खोलीत मावेल एवढा. त्यावर बायकांचा शब्दन् शब्द उमटला. गाणं संपलं तेव्हा काकांचीच टाळी सगळ्यात मोठी होती.

"भारी डोकं हाय रे पोरा तुझं!" बेंजोवाला दादाला म्हणाला आणि डबा गरम लागला म्हणून त्याने आपला चहाचा कप त्यावर ठेवला. "बघा, चहाबी गार होत न्हाई!"

दादा हसून दाराकडे बघू लागला. अशा वेळी मी नेहमी मागे सरकते. त्या दिवशी पुढे गेले.

"मामा, कप उचला, चहा आत सांडला तर जळंल," मी म्हणाले. "डबा म्या केलाय."