पत्र्याखालचा क्लास

भूकंपानंतर लातुरात पोरांना स्लॅबखाली बसवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून उद्धव सरांनी क्लाससाठी पत्र्याचं लांबलचक शेड उभारलं. उदगीरची स्वप्नाली बारावीला तिथं शेवटच्या बाकावर बसायची. सरांचा शब्द पत्र्यावर आपटून घुमायचा, मागं नुसता कालवा पोचायचा. तिनं तसं सांगितलं, तर सर भर वर्गात म्हणाले, "बहिरी हायस का?" वर्षभर पोरं तिला त्याच नावानं हाक मारत होती.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तिनं आवाज कसा घुमतो या प्रोजेक्टला मुद्दाम हेच शेड निवडलं. कॉलेजनं विनंती केल्यामुळं सरांना नाही म्हणता आलं नाही. तिनं फळ्याजवळ उभं राहून सुटे शब्द वाचले आणि मागच्या पोरांना म्हणायला लावले. निम्मे चुकले.

"पोरंच ढ हायत," सर म्हणाले.

"मग तुम्ही बसा मागं."

सगळ्यांसमोर सरांना बसावं लागलं. तिनं 'घनता' म्हटलं, त्यांना 'क्षमता' ऐकू आलं. पुढचाही शब्द चुकला. पोरं हसायला लागली.

"सर, बहिरे आहात का?" तिनं शांतपणे विचारलं.

"चल, नीघ इथून."

पत्र्याखाली पोत्यांचा बारदाना टांगला तर घुमारा कमी होईल, असं तिनं प्रोजेक्टमध्ये दाखवलं आणि कॉलेजनं त्याची प्रत सरांनाही पाठवली. महिन्याभरात सरांनी तो टांगला आणि युक्ती आपलीच म्हणून पालकांना सांगितली. मागच्या पोरांना ऐकू येऊ लागलं, पण स्वप्नालीचा राग काही गेला नाही. गंजगोलाईच्या बाजारात सर समोर आले तर ती त्यांच्याकडं रोखून बघत राहते. मान त्यांनाच वळवावी लागते.