बाजूने न दिसणारं पत्र

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत आमच्या घराजवळ इंटरनेट कॅफे निघाला. मालकाने प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळी काच टांगली होती. "बाजूच्याला ढिम्म दिसत न्हाई ताई, बसून बघा की," तो म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीत बसून बघितलं. खरंच, नुसता काळोख. मला तेवढंच हवं होतं.

दर रविवारी अमेरिकेतल्या भावाचं पत्र मी तिथे वडिलांना वाचून दाखवत असे. वडील मूळचे उंब्रजचे, माधवनगरच्या कापडगिरणीत कारकून होते. भाऊ मराठीच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत. वडिलांना ती सहज वाचता आली असती, पण कॉम्प्युटरसमोर बसायला ते तयार नसत. त्या पावसाळ्यात एका शनिवारी मी एकटीच गेले, तर त्याने लिहिलं होतं, आता परत येणार नाही, इथेच घर घेतलंय, बाबांना तूच समजावून सांग. काय शहाणा! स्वतः साता समुद्रापलीकडे बसला आणि धोंड माझ्या गळ्यात. वडिलांना हार्टअटॅक येऊन महिनाही झाला नव्हता. मी सांगायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वडील शेजारी बसले आणि मी बेधडक वाचलं, "रजा मिळाली की दिवाळीला येतो."

ते एकदम उठले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. गिरणीतली सवय. तिथे एकाने कापडाच्या गाठींचे नंबर मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ते वहीशी जुळवायचे. जुळला तरच "बरोबर" म्हणायचं. निवृत्त झाले तरी घरात कुणी काही वाचायला लागलं की हे मागे हजर. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. त्या दिवशी मला धास्ती वाटली नाही. माझा काचेवर विश्वास होता.

"पुन्ना एकदा वाच," ते म्हणाले.

मी तीच थाप पुन्हा वाचली.

मग ते म्हणाले, "बरोबर हाय."

पुढे शेजारीपाजारी विचारत, तेव्हा माझ्यादेखत सांगायचे, "पोरगं दिवाळीला येतंय." मला वाटायचं, किती खूश आहेत, आणि माझं मलाच बरं वाटायचं.

दसऱ्याआधी वडील गेले. तेराव्यानंतर मी आणि माझा नवरा भावाचं पत्र बघायला गेलो. मला त्या खुर्चीत बसवेना म्हणून तो बसला आणि मी मागे उभी राहिले, वडील उभे होते तिथेच.

काच फक्त बाजूच्याला आंधळं करत होती. मागून एकूण एक अक्षर स्वच्छ दिसत होतं.

मला तिथेच रडू कोसळलं. नवऱ्याला वाटलं, भावाने काही लिहिलंय. उभ्या नोकरीत चुकीच्या नंबराला त्यांनी कधी बरोबर म्हटलं नव्हतं. ते त्यांनी एकदाच म्हटलं, माझ्यासाठी.