मावशीचं शेत

बर्गरच्या त्या दुकानात तळणीवर उभी राहणारी बाई वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. मावशीने शेत पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून. घरी कुंडीत लावलेलं झाडही तिच्याकडे महिनाभर टिकत नसे. तरी तीच शेतकरीण झाली.

झालं असं, की कंपनीने लाल पाटी काढून हिरवी लावली. बर्गर तोच, पण खोक्यावर एक पान आलं आणि वर 'अस्सल नैसर्गिक' असं नाव. जाहिरातीच्या फोटोसाठी जी मॉडेल यायची होती ती आलीच नाही. फोटोवाला वैतागला. तेवढ्यात मॅनेजरची नजर तळणीकडे गेली.

"मावशी, तुमचा चेहरा किती भोळा आहे! जरा मागे चला."

डोक्यावर गवती टोपी, कडेवर लेट्यूसची टोपली, पानांवर फवारलेलं पाणी. पाठीमागे होती पार्किंगची भिंत. फोटो दुकानात लागला तेव्हा त्या भिंतीच्या जागी डोंगरापर्यंत हिरवंगार शेत पसरलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'माझ्या शेतातून थेट तुमच्या ताटात.'

नवरा टॅक्सी चालवायचा. त्याने हसून हसून डोळे पुसले. "नांगर कुठे ठेवलायस गं? पलंगाखाली?"

मावशीने मॅनेजरला विचारलं, "सर, माझं शेत आहे तरी कुठे?"

"अहो मावशी, शेत कुठेतरी असणारच ना! लेट्यूस काय कारखान्यात पिकतो?"

तेही खरंच होतं. बटाटेही शेतातच होतात. मग खोटं नेमकं कुठे आहे, ते तिला बोट ठेवून दाखवता येईना.

मागच्या गल्लीत एक म्हातारे शिंपीकाका राहायचे. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी दुकानाकडे पाठ फिरवली होती. ते आता पुन्हा येऊ लागले. हिरवं खोकं घ्यायचे, त्यातली पानं चवीने खायचे आणि सोबत बटाट्याच्या तळलेल्या कांड्यांचा मोठा पुडा.

"शेतकरीणबाई, तुमच्या हातचं आहे म्हणून बिनधास्त खातो," म्हणायचे. मावशी कसनुशी हसायची. एकदा तर ते टोमॅटोचं पिवळं पडलेलं रोप घेऊन आले, इलाज विचारायला. मावशी घाबरून म्हणाली, "पाणी कमी घाला." आणि रोप खरोखरच सुधारलं! मग तर काकांची श्रद्धाच बसली.

एके दिवशी काकांची बायको एकटीच दुकानात आली. मावशीला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण तिने मावशीचा हात हातात घेतला.

"जन्मभर ह्यांनी पानातल्या भाजीला हात लावला नाही. तुमचा फोटो पाहिल्यापासून घरीही पालेभाजी मागतात. तेवढं ते तळलेलं बंद करायला सांगा ना. माझं ऐकत नाहीत. शेतकरीण म्हणून तुमचं ऐकतील."

मावशीची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. खोटं चालू ठेवावं तर माणूस वाचेल, पण खोट्यावरच. आणि ते पुडे तर तीच तळत होती. दुपारभर तिच्या हातून खारट झालेल्या पुड्यांबद्दल दोन गिऱ्हाइकं भांडून गेली.

काका आले. मावशी झारा ठेवून काउंटरपाशी गेली. बोलायचं होतं एक, तोंडातून निघालं दुसरंच.

"काका, मी शेतकरीण नाही हो. मी मागे तळते. तुम्ही तळलेलं सोडा."

काकांनी वर फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा फोटो कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

"मग... शेत माझं नाही."

"माझं रोप तुम्हीच वाचवलंत ना?"

"ते कसं वाचलं, मला काय माहीत!"

काकांचा चेहरा पडला. खोकं त्यांनी तसंच सरकवलं. "शेतकरीण नाही, तर तुमचं मी का ऐकू?" असं म्हणून ते निघून गेले.

पुढे काका फिरकले नाहीत. मावशीला बरं वाटलं, ते थोडेच दिवस. मग काकांची बायको बाजारात भेटली. काकांनी पालेभाजी टाकली होती, आणि ते रोज चौकापलीकडच्या बर्गरच्या दुकानात जायला लागले होते. तिथल्या पाटीवर हिरव्या कुरणात चरणारी गाय होती.

"तुम्ही खरं कशाला बोललात?" ती म्हणाली. रागाने नाही, दमून.

घरी आल्यावर मावशीने नवऱ्याला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "खरं बोललीस ते चांगलंच केलंस."

"मग वाईट कसं झालं?"

सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली, तेल तापत ठेवलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने काउंटरवरून हाक मारली, "बाई, यंदा पीक कसं आहे?"

"बरं आहे," मावशी म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.