खांद्याकडे बघणारे आबा

धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या एसटीत ते आबा माझ्या शेजारी बसले होते. तिकीट घेताना त्यांनी कंडक्टरच्या खांद्याकडे इतकं टक लावून बघितलं, की त्याने दोनदा खांदा झटकला. माझ्याशी बोलू लागले ते माझ्या कानाकडे बघत. शेवटी मीही कान पुसला, तेव्हा ते हसले.

“कानले काही नही, भाऊ. माना डोयामा मधोमध डाग शे. सरळ देखं का समोरनं गायब. बाजूले देखं का दिसस.”

डोळ्यातला हा डाग त्यांच्या तरुणपणीचा. एका ग्रहणात घरचे सगळे उपाशीपोटी दार लावून बसले होते. ग्रहण सुटल्याशिवाय अंघोळ नाही आणि अंघोळीशिवाय चूल नाही. सुटलं का ते बघायला यांना अंगणात पाठवलं, आणि भुकेपोटी यांनी सूर्यावरची नजर काढलीच नाही. ग्रहण सुटलं, डाग राहिला.

मी हळहळलो. तर म्हणाले, “फायदा बी शे. बायको चिडनी का मी सरळ तिना तोंडकडे देखस. तोंड दिसस नही. ती म्हनस, माना नवरा कितला ध्यान देईसन आयकस.”

मी पडलो शाळामास्तर. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी का बघू नये, हे त्यांना पहिल्यापासून समजावू लागलो. सोनगीर गेलं, नरडाणा गेलं, आबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. असा श्रोता मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

शिरपूरला उतरल्यावर मला आठवलं. सोनगीरपासून ते अगदी सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.