आमसुलांची भिंत

माझे सासरे, म्हणजे बाबा, शिल्पकार. पुतळा त्यांनी जन्मात केला नाही. केल्या त्या जाळीच्या भिंती. एकाच साच्यातून काढलेल्या सिमेंटच्या चौकटी, प्रत्येक जराशी वेगळी वळवून एकमेकींवर रचलेल्या. शहरातल्या त्यांच्या बाकीच्या भिंती इमारतींबरोबर पडल्या. उरली ती एकच, मुलुंडला, आमच्याच सोसायटीच्या जिन्यात.

चौकटी चांगल्या वीतभर खोल. त्यामुळे तळमजल्यावरच्या मालवणी काकू दर उन्हाळ्यात त्यांत आमसुलांच्या ताटल्या वाळत ठेवतात. लाल रस भिंतीवरून ओघळतो आणि बाबांचा पारा चढतो.

"वहिनी, हे शिल्प आहे, फडताळ नाही!"

काकू "होय, होय" म्हणत पुढची ताटली ठेवतात.

यंदा सेक्रेटरीने सभेत ठराव आणला: जाळी बुजवून वर टाइल्स लावायच्या. बाबा इस्त्रीचा झब्बा घालून सभेला गेले आणि पोकळी हाच शिल्पाचा प्राण कसा, यावर अर्धा तास बोलले. खोटं कशाला बोलू, मीही जांभई दाबली.

"काका, पण पोकळीत कबुतरं बसतात ना," सेक्रेटरी म्हणाला.

एकेक हात वर व्हायला लागला. बाबांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात काकू उठल्या.

"भिंत बुजवलास तर माझी सोलां खंय सुकतली रे? सोलकढी पिऊक सगळे माझ्याच घराकडे येतात मां?"

सगळे हात खाली आले. भिंत वाचली.

बाबा मात्र घरी येऊन न जेवताच बसले. "कढीसाठी वाचली! कलेचं नावसुद्धा कुणी काढलं नाही."

"बाबा, नुसत्या कलेवर सोडली असती, तर आत्ता टाइल्सचा रंग निवडत बसलो असतो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं. थट्टेची घाई मला नेहमीच नडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून ताटल्यांचा खणखणाट ऐकू आला. आता भांडण सोडवावं लागणार म्हणून मी धावले. बघते तर बाबा स्वतःच ताटल्या हलवत होते आणि काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"वहिनी, इथे नका ठेवू. इथे दहालाच सावली येते. ती वरची तिसरी चौकट घ्या. तिथे चारपर्यंत ऊन असतं."

"तुमका कसा ठाऊक?"

"मीच ठेवलंय ते तिथे," बाबा म्हणाले.