भिंगरीने उपटलेल्या अँटेना

आमच्या ह्यांना सगळा बाजार भिंगरी म्हणतो, आणि त्यात खोटं काहीच नाही. हा माणूस शांत बसून चहा प्यायलेला मी लग्नानंतर एकदाच पाहिला, तेव्हा पायाला प्लॅस्टर होतं. आमचं दुकान गाड्यांच्या रेडिओचं. मी पुढे गिऱ्हाइकांशी बोलते, हे मागे गाड्यांच्या पोटात.

गेल्या वर्षी उपग्रहावरचे रेडिओ आले आणि भिंगरीला वारंच मिळालं. डोंगर असो की दरी, आवाज तसूभर हलत नाही म्हटल्यावर ट्रकवाल्यांची रांग लागली. टपावर एक गोल डबी बसवायची आणि तिची वायर आत घ्यायची, एवढंच काम. पण नवं भोक पाडलं की टप गळतो, मग गिऱ्हाईक येऊन डोकं खातं. म्हणून ह्यांनी शक्कल काढली. गावचं केंद्र पकडणारी जुनी अँटेना उपटायची आणि त्याच भोकातून नवी वायर ओवायची. मी एकदा विचारलंही, "अहो, मग गावचं केंद्र कसं लागणार?"

"कोण ऐकतंय ते आता?" हे म्हणाले आणि पुढच्या गाडीत शिरले.

आता त्या केंद्रावर रोज सकाळी बोलतं कोण? ह्यांचीच थोरली बहीण! आठ वाजून दहा मिनिटांनी ताई रस्त्यांची खबर देतात, कुठे खोदलंय, कुठे दरड आलीय. अठरा वर्षं झाली. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, दुधाचा टँकर चालवतात. त्यांनीही गुपचूप डबी बसवून घेतली. "तुझ्या ताईला बोलू नकोस रे बाबा," ह्यांना म्हणाले, "घरात रामायण नको." ताई रोज विचारायच्या, "आज ऐकलंत ना?" आणि दाजी बिनदिक्कत म्हणायचे, "ऐकलं की!" मला हे मुळीच आवडलं नव्हतं, पण नवराबायकोच्या मध्ये मी कशाला तोंड घालू?

त्या दिवशी बाहेर दाट धुकं होतं. आठ-दहाला दुकानातल्या रेडिओवर ताईंचा आवाज आला. नदीवरच्या पुलाचा मधला भाग खचला होता. अलीकडे पोलीस उभे होते, पलीकडे अजून कुणी पोहोचलं नव्हतं. "पलीकडून येणाऱ्यांनी आहात तिथेच थांबा," ताई सांगत होत्या. दाजी दूध भरून त्याच सुमाराला पलीकडून निघतात.

ह्यांच्या हातातला पाना खाली पडला. "अगं, त्यांना ऐकू येणारच नाही," हे म्हणाले. "मीच काढलीय अँटेना."

फोन लावला, लागेना. त्या दरीत कधीच लागत नाही. पुन्हा लावला. आत गेले, बाहेर आले, शटरला धरून उभे राहिले, परत आत. स्कूटर काढून पुलाकडे सुटले आणि अर्ध्या तासात परत आले. पोलिसांनी पुढे जाऊच दिलं नव्हतं. "पलीकडे माणूस पाठवतो म्हणालेत," एवढं बोलले आणि पुन्हा फोन कानाला. माझाही जीव टांगणीला लागलेला, त्यात ही येरझार. "एका जागी उभे राहा हो!" मी ओरडले. "उपटताना कळलं नाही का?" बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं.

तिकडे ताई दर पाच मिनिटांनी तेच सांगत होत्या. मध्येच त्यांचा आवाज घसरला. "दुधाचे टँकरवाले, ऐकताय ना? पुलावर येऊ नका हो." घरचं काही बोलायचं नाही हा केंद्राचा नियम. अठरा वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदा मोडला. मी रेडिओपुढे हात जोडून रडत होते.

अकराच्या सुमाराला टँकर दुकानासमोर येऊन थांबला. लांबच्या रस्त्याने वळसा घालून आला होता. दाजी खाली उतरले, धडधाकट. पुलाच्या पलीकडेच, दोन वळणं आधी टायर पंक्चर झालं होतं, आणि चाक बदलेपर्यंत एका सायकलवाल्याने येऊन पुलाचं सांगितलं. मी लगेच ताईंना फोन केला. केंद्र दोन गल्ल्या सोडून, त्या चपला न घालताच धावत आल्या.

दाजींचा दंड घट्ट धरून त्या हसत होत्या, रडत होत्या. "ऐकलंत ना माझं? ऐकलंत म्हणून थांबलात ना?"

दाजींनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. "ऐकलं की," ते म्हणाले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण भिंगरीच ती, पोटात काही ठरेल तर शपथ!

"नाही ऐकलं, ताई," हे म्हणाले. "त्यांच्या गाडीत तुझं केंद्र लागतच नाही. वर्ष झालं. अँटेना मीच काढली."

ताईंनी दाजींचा दंड सोडला. मला वाटलं, आता ह्यांच्या थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर मी मध्ये पडले नसते.

"अशा किती गाड्यांच्या काढल्यास?" ताईंनी विचारलं.

"सत्तरेक असतील."

"म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्याच," ताई म्हणाल्या. "मग आज सकाळी तीन तास मी कुणाला सांगत होते रे?"