झालरीचं कव्हर

आमच्या गावात टीव्हीवर रुमाल टाकायची कुणाची छाती होत नसे, ती आसारामभाऊंमुळं. कर्जतपासून पंचवीस किलोमीटर आत असलेल्या या गावात टीव्ही, मिक्सर, स्टॅबिलायझर दुरुस्त करणारे ते एकटेच. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, मधे फक्त पत्रा. गिऱ्हाईक आलं की पलीकडून आवाज चढायचा, "कव्हर घातलं हुतं का न्हाई? खोटं बोलू नका. मागं जाळी काय शोभेला दिलीय? मशीनला वारा लागतो." बायका ओशाळून हसायच्या. मला मात्र राग यायचा, कारण ती कव्हरं शिवायची मीच. "भाऊ, माझ्या पोटावर पाय देऊ नका," असं मी पत्र्याआडून ओरडायची, ते हसायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच सुनवायचे.

भीमाबाई त्यांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणते. कोरोनात त्यांची फुप्फुसं गेली ती गेलीच. तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं आणि नाकात नळी. मूल ना बाळ, दोघंच एकमेकांना. गेल्या दिवाळीच्या आधी वहिनींनी मला बोलावलं आणि लग्नातलं डाळिंबी लुगडं पुढं ठेवलं.

"सविता, याचं मशीनला कव्हर कर. खाली झालर लाव. बघावं तिकडं दवाखानाच दिसतो गं."

मी जीव लावून शिवलं. नळीसाठी काज केलं, बटणासाठी काज केलं, झालर जमिनीला टेकेल अशी सोडली. आसारामभाऊ दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता बरसतील. ते काहीच बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, बायकोपुढं सगळे मिस्त्री सारखेच! शेवटी जिंकले बाई, म्हणून मी आठवडाभर खुशीत होते. आज त्या खुशीची लाज वाटते.

मार्चमधला बाजाराचा दिवस होता. भर दुपारी पत्र्यापलीकडून मशीन केकाटायला लागलं. मी धावले. मशीनचा दिवा लागलेला, पण आतली मोटर गप्प. भाऊंनी वहिनींची नळी छोट्या सिलिंडरला जोडली होती. त्याचा काटा लाल रेघेच्या जरासा वर होता.

"अर्धा तास," ते म्हणाले. "लई झालं तर."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन नगरच्या वाटेवर होती, यायला तास-सव्वा तास लागणार होता. गावातल्या जीपा, टेम्पो सगळे बाजाराला गेलेले. मी पाच जणांना फोन केले. कुणी उचलला नाही, कुणी उचलून "अर्ध्या तासात निघतो" म्हणालं.

भाऊंनी कव्हर ओढून काढलं, मशीन उघडलं, आतला बोर्ड सोडवून दुकानातल्या टेबलावर आणला. बोर्डावरची काळी चौकोनी डबी दाखवत म्हणाले, "हा रिले. मोटरला करंट सोडायचं काम याचं. आतनं जळालाय." डबीखालचा बोर्ड करपून तपकिरी पडला होता.

नवा रिले नव्हताच. त्यांनी भंगारातल्या स्टॅबिलायझरचा बोर्ड शोधला, त्यातला रिले काढला आणि बॅटरीला लावून पाहिला. टक् असा आवाज आला. पाच पाय, बारा व्होल्ट, तेच माप. माझ्या जिवात जीव आला.

मग जुना काढताना घात झाला. पाचही पायांचं कथील वितळायच्या आधीच भाऊंनी डबी ओढली. पायाबरोबर बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडून आली. हजार बोर्ड हाताळलेला माणूस, नव्या पोरासारखी चूक करून त्या पट्टीकडं बघत बसला. हात असे थरथरत होते की कथिलाची तार ठरल्या जागी टेकेना.

आतून वहिनींचा खोकला आला. मग तोही थांबला, ते जास्त वाईट होतं.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "सविता, तू धर."

"मी? भाऊ, मला यातलं काय कळतंय!"

"सुईत दोरा ववती ना रोज? तेवढंच हाय. मी सांगतो."

मी सोल्डरिंगची गरम कांडी धरली. ते सांगत गेले: आधी पायाला टेकव, थांब, आता तार लाव, आता उचल. एक पाय, दुसरा पाय. उखडलेल्या पट्टीच्या जागी बारीक तार टाकून पुढच्या सांध्यापर्यंत न्यायची होती. बोट भाजलं, पण हात हलवला नाही. मी मनात काही देवबिव म्हटलं नाही, फक्त काटा आठवत होते.

बोर्ड घेऊन आत गेलो तेव्हा काटा लाल रेघेखाली गेला होता. वहिनींचे ओठ निळे पडले होते आणि डोळे आमच्यावर होते. भाऊ स्क्रू लावायलाही थांबले नाहीत. तारा जोडल्या, बटण दाबलं. टक्. आणि मोटर घरघरली. भाऊंनी नळी लावली आणि जमिनीवर बसून ढसाढसा रडले. मीही रडले.

मग मी मशीन मागून पाहिलं. जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता आणि त्यावर लुगड्याचे डाळिंबी धागे चिकटले होते. नळीला काज, बटणाला काज केलं होतं, जाळीला नाही. मी त्यातला एक धागा ओढून काढला.

"मला दिसत हुतं," भाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "पैल्या दिवसापासनं दिसत हुतं. पन तिनं इतक्या वर्सांत एकच गोष्ट मागितली हुती."

अर्ध्या-पाऊण तासानं रुग्णवाहिका आली. वहिनी चार दिवस दवाखान्यात राहून परतल्या. आता त्यांना कूस बदलता येत नाही. मशीन उशाशी, त्यांच्या नजरेच्या मागं असतं. उघडं.

रोज सकाळी त्या विचारतात, "अवो, कव्हर घातलं का? धूळ बसंल."

"घातलं की," भाऊ म्हणतात.

कव्हर भाऊंच्याच मांडीवर असतं. बोलता बोलता ते झालर बोटानं सरळ करत राहतात.